बिडावरची काच

पावसाळ्यात अकलोलीसारख्या गावात लोखंडाचं काही खरं नसतं. तानसेच्या काठची हवा इतकी ओली, की धुऊन नीट न पुसलेला बिडाचा तवा सकाळपर्यंत तांबूस होतो. तव्याचं एक बरं असतं, घासून, तेल लावून तापवला की तो पुन्हा कामाला येतो. कालवणाचं तसं नाही. चिंचेचा कोळ किंवा आमसुलं घातलेलं माशाचं कालवण उघड्या बिडात रटरटत ठेवलं, तर आंबटपणा तेलाचा थर खातो, लोखंड रश्श्यात उतरतं, रंग काळवंडतो आणि जिभेला धातू लागतो. भाकरीला बीड आणि कालवणाला मातीचं भांडं किंवा कल्हईचं पातेलं, ही जुन्या घरांतली वाटणी म्हणूनच शहाणपणाची होती.

एनॅमलचं बीड या वाटणीत नव्याने शिरलं आहे. हल्ली बाजारात दिसणारी ही जड, रंगीत भांडी म्हणजे आत ओतीव बीड आणि वर चक्क काच. काचेची बारीक पूड पाण्यात कालवून भांड्यावर चढवतात आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीत भाजतात. पूड वितळते आणि बिडाला धरून बसते. फ्रान्समधल्या फ्रेनुआ-ल-ग्रां गावात १९२५ साली ओतकामातला एक जाणकार आणि एनॅमलमधला दुसरा, असे दोघे एकत्र आले आणि त्यांनी ‘ल क्रूझे’चा कारखाना काढला. या भांड्यांचं नाव जगभर झालं ते तिथून.

आपल्याला एनॅमल परकं नाही. निळ्या काठाचे पांढरे मग आणि दवाखान्यातले ट्रे आठवा. ते पातळ पत्र्यावरचं एनॅमल. पत्रा वाकला की टवका उडायचा आणि खाली काळा डाग दिसायचा. बीड वाकत नाही, पण जोरात आपटलं तर तडकतं.

कल्हईचं आणि एनॅमलचं काम एकच, अन्न आणि धातू यांच्यात आडपडदा धरणं. फरक दुरुस्तीत आहे. कथील २३२ अंशांनाच वितळतं, म्हणून कल्हईवाला दारात भाता लावून, नवसागर फिरवून पातेलं पुन्हा लखलखीत करून देऊ शकतो. एनॅमलला मोठी भट्टी लागते. गेलेला थर घरी किंवा गल्लीत परत चढत नाही. एवढं ध्यानात राहिलं, की बाकीची पथ्यं आपोआप सुचतात.

काच आणि लोखंड तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत. झटक्यात तापवलं किंवा गरम भांड्यावर गार पाण्याची धार सोडली, की ताण येतो तो काचेवर. म्हणून आच मंद ते मध्यम. फोडणीचं तेल आधी घालावं आणि मोहरी तडतडायला चार मिनिटं जास्त द्यावीत. ॲल्युमिनियम बिडाच्या चौपटीहून अधिक वेगाने उष्णता पसरवतं, त्यामुळे त्या भांड्यांवर बसलेला हात इथे घाई करतो. उलट एकदा तापलेलं बीड लवकर निवत नाही. डाळ, मटण, उसळ होत आली की गॅस थोडा आधीच बंद करावा, झाकणाखाली ती शिजत राहते. तांदळाची भाकरी मात्र यात नको. तिला कोरडा, कडक तापलेला तवा लागतो आणि रिकामं तापवणं हीच एनॅमलची खरी हानी. धगधगत्या चुलीवरही उघडं बीडच बरं.

ढवळायला लाकडी डाव किंवा उलथनं. घासायला काथ्या चालतो, तारेची घासणी नाही. करपलं तर भांडं निवू द्यावं, मग पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून उकळावं, खरपूड सुटते. हळदीचा पिवळेपणा राहिला तर राहू द्या, चवीला त्याने काही होत नाही. काठावर आणि झाकणाच्या कडेला एनॅमल बरेचदा विरळ असतं, गंज तिथूनच धरतो. पावसाळ्यात ती कड पुसून तेलाचं बोट फिरवावं आणि झाकण किंचित उघडं ठेवावं.

बाहेरून टवका उडाला तर भांडं वापरता येतं, त्या जागी तेल लावत राहायचं. आतून उडाला तर, कितीही महागाचं असो, त्यात स्वयंपाक थांबवावा. त्या टवक्याच्या कडेची काच पुढेही सुटत राहते आणि ती जेवणात जाते.