लसीकेचा निचरा आणि पायांची निगा

रक्तवाहिन्यांतून पाझरलेल्या द्रवाचा जो अंश माघारी शिरांत येत नाही, तो लसीका या नावाने सूक्ष्म वाहिन्यांतून हासळीच्या हाडामागील शिरांपर्यंत पोहोचतो. परंतु त्यास हृदयासारखा पंप नसल्याने स्नायूंची हालचाल व श्वासोच्छ्वास यांवर त्याची पुष्कळशी भिस्त असते. १९३०च्या दशकात एमिल व्हॉडर या डॅनिश गृहस्थाने प्रचारात आणलेले लसीका-मर्दन म्हणजे त्वचेस हलकासा ताण देऊन या प्रवाहास वाट करून देणे होय. तेल लावून रगडण्याशी त्याचा संबंध नाही.

हत्तीरोगात क्युलेक्स डासामार्फत शिरलेले कृमी लसीकेच्या या वाहिन्याच निकामी करतात व पाय सुजतो; या रोगावर भारत सरकारने १९५५ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. घनसावंगी तालुक्यातील कुंभार पिंपळगावासारख्या गावी प्रशिक्षित उपचारक हाताशी नसला, तरी सुजलेल्या पायाची नित्याची तजवीज घरच्या घरी होते: साबणाने पाय धुवून बोटांच्या बेचक्या मऊ कापडाने टिपाव्या, घोटा वरखाली व गोल फिरवावा, निजताना पायाखाली उशी घ्यावी. ज्वर, त्वचेचा दाह, रक्ताची गुठळी किंवा हृदयविकार असता मर्दन वर्ज्य समजून डॉक्टरांकडे जावे. निरोगी देहातील ‘विषे’ मर्दनाने निघून जातात, हा बोलबाला मात्र बिनपुराव्याचा आहे.