मुक्या घराची बोली

धान निसवू लागले की देवरीकडे रात्री मचाणावर जागल सुरू होते. डबे बडवावे, आरोळ्या ठोकाव्या, तेव्हा कुठे रानडुकरे हटतात. 'अ क्वाएट प्लेस' (२०१८) या इंग्रजी भयपटातल्या शेतकरी कुटुंबाचे नेमके उलटे आहे. तिथले राक्षसी प्राणी आंधळे, पण कान भारी तिखट. जरा खुट्ट झाले की झडप! म्हणून ही माणसे वाटेवर वाळू पसरून अनवाणी चालतात, ताटाऐवजी पानावर जेवतात. (आपली पळसाची पत्रावळ त्यांच्या फार कामी आली असती.) मक्याच्या उंच कोठीत पोरे दाण्यांत रुतू लागतात, तो प्रसंग मात्र राक्षसांपेक्षा खरा. भरल्या कोठीत मुलांना उतरू देऊ नका.

या घराची थोरली लेक बहिरी आहे. त्यामुळे सगळ्यांना हातांच्या खुणांनी बोलता येते, आणि त्यावरच घर तगते. ती भूमिका करणारी मिलिसेंट सिमंड्स स्वतःही बहिरी आहे.

आपल्याकडे अशा लेकराला 'मुका' म्हणून गुरांमागे धाडतात. पुष्कळदा त्याची वाचा ठीक असते. ऐकूच येत नाही, म्हणून बोल फुटत नाहीत. थाळीच्या आवाजाला बाळ दचकत नसेल तर 'उशिरा बोलेल' म्हणत बसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, त्यांना सांगा. खुणा मात्र आजीपासून धाकट्या भावापर्यंत घरातल्या सगळ्यांनी शिकायच्या. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०२१ मध्ये १०,००० शब्दांचा खुणांचा कोश पुरा केला आहे. शाळेतल्या गुरुजींना सांगितले तर ते मोबाईलवर काढून दाखवतील.