टाकीतील पेट्रोल पंप बदलताना

आंब्याच्या पेट्या भरलेली जुनी गाडी मंडणगडच्या चढणीला धापा टाकून बंद पडू लागली, तर लगेच नवा पंप आणू नये. (कार्ब्युरेटरच्या मारुतीत पंप इंजिनावर असतो, येथे माहिती इंजेक्शनच्या गाड्यांची आहे.) चावी फिरवताच टाकीतून दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते. ती नसेल तर आधी फ्यूज, रिले व तारांचे जोड पाहावेत. आपल्या दमट हवेत जोड गंजतात.

पंप बदलायचाच झाल्यास इंजिन थंड असावे. नळीतील दाब उतरवावा, बॅटरीची ऋण तार सोडवावी. काम उघड्यावरच करावे, पडवीत चुलीशेजारी मुळीच नको. विडीही दूर ठेवावी.

पंपासोबत जाळी, रबरी रिंग व फिल्टर नवे घालावेत. तळाचा गाळ व पाणी काढले नाही तर नवा पंपही लवकर जातो. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते पाणी शोषते, म्हणून जुन्या रबरी नळ्याही तपासाव्यात. पंप पेट्रोलनेच थंड राहतो. हंगामात टाकी पावाच्या खाली जाऊ देऊ नये.