एका सीडीचे नऊ रुपये

एका ऑडिओ सीडीत ७४ मिनिटांचे संगीत बसते. सेकंदाला १४,११,२०० बिट या हिशेबाने त्याचे ७८ कोटी ३२ लाख बाइट होतात, म्हणजे पाऊण जीबीहून थोडे अधिक. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या आकडेवारीनुसार मोबाइलवरच्या एक जीबी डेटाला २०१४ मध्ये देशात सरासरी २६८ रुपये ९७ पैसे पडत. २०१८ मध्ये तोच दर ११ रुपये ७८ पैसे झाला. धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना एक अख्खी सीडी, एकही बिट न गाळता, मोबाइलवर उतरवून घ्यायची तर डेटाचा खर्च २०१४ मध्ये २११ रुपये होता, चार वर्षांनी ९ रुपये. घट ९६ टक्के.

दुसरा आकडा अमेरिकेचा आहे, कारण सीडीची इतकी सलग मोजदाद फार थोड्या देशांत झाली आहे. २००० साली तिथे ९४ कोटी २५ लाख सीडी कारखान्यांतून दुकानांकडे गेल्या. तो उच्चांक होता. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे ३ कोटी ३० लाखांवर आला. ही घटही ९६ टक्क्यांच्या घरातली.

दोन टक्केवाऱ्या इतक्या जुळतात की स्वस्त डेटाने सीडी संपवली, असा निष्कर्ष आयता हाती येतो. तारखा त्याला आधार देत नाहीत. मुंबईच्या काळा घोडा भागातले ‘ऱ्हिदम हाउस’ हे संगीताचे दुकान १९४८ मध्ये सुरू झाले आणि फेब्रुवारी २०१६ अखेर बंद पडले. डेटा स्वस्त करणाऱ्या जिओची सेवा सुरू झाली ती ५ सप्टेंबर २०१६ रोजी, सहा महिन्यांनंतर. ‘म्युझिक वर्ल्ड’ या साखळीने तर २०१३ मध्येच दुकाने आवरली होती. डेटा स्वस्त झाला तेव्हा सीडीचा बाजार आधीच उठत आला होता.

तो उठवला सीडीनेच. ७०० एमबीच्या चकतीवर १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री फाइली भरल्या की साधारण बारा तासांचे संगीत मावते; पाच मिनिटांचे एक गाणे धरले तर जवळपास दीडशे गाणी. प्लास्टिक तेच, १२० मिलिमीटर व्यास तोच, गाणी दहापट. बसस्टँडबाहेरच्या हातगाडीवर ‘एकात दीडशे’ मिळत असताना दुकानातल्या आठ गाण्यांच्या अल्बमला गिऱ्हाईक टिकणे अवघड होते. मग मोझर बेअर कंपनी २००७ च्या सुमारास २८ रुपयांना चित्रपटाची व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकू लागली. चित्रपटच २८ रुपयांना असेल तर त्यातल्या नुसत्या गाण्यांचे कोणी किती द्यावेत? शेवटी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली. आठ जीबीच्या कार्डात अशी सोळाशेहून अधिक गाणी बसतात. हे सगळे जिओच्या आधीचे.

आता उरलेल्या ३ कोटी ३० लाखांकडे पाहू.

अमेरिकेत २०२३ मध्ये सीडी होत्या ३ कोटी ७० लाख आणि त्यांची किंमत ५३ कोटी ७० लाख डॉलर. २०२४ मध्ये नग ११ टक्क्यांनी घटले, किंमत मात्र ५४ कोटी १० लाख डॉलरवर गेली, म्हणजे एक टक्क्याच्या आत का होईना, वाढली. एका सीडीची सरासरी किंमत वर्षभरात साडेचौदा डॉलरवरून १६ डॉलर ४० सेंटवर पोचली. घेणारे कमी झाले आणि उरलेल्यांनी जास्त मोजले. हा संग्राहकांचा बाजार. तरीही २००० सालचे सरासरी १४ डॉलर महागाई धरून आजच्या हिशेबात २५ डॉलरच्या पुढे जातात. त्या मानाने आजची सीडी एक तृतीयांशाहून अधिक स्वस्त आहे.

ब्रिटनमध्ये २०२४ पर्यंत घसरगुंडी संथ झाली होती. तिथला उच्चांक २००४ चा, १६ कोटींवर. २०२३ मध्ये १ कोटी ८ लाख सीडी खपल्या, २०२४ मध्ये १ कोटी ५ लाख; घट २.९ टक्के. त्याच वर्षी ग्रामोफोनच्या तबकड्या खपल्या ६७ लाख. तबकडीच्या पुनरागमनाच्या बातम्या वाचून सीडी मागे पडली असे वाटते. ब्रिटनमध्ये नगांच्या मोजणीत ती २०२४ मध्येही दीडपटीने पुढे होती.

सर्वांत विचित्र वर्ष २०२१ चे. त्या वर्षी जूनमध्ये ‘ॲपल म्युझिक’ने सीडीच्या दर्जाचे, काहीही न गाळलेले संगीत जादा पैसे न घेता ऐकवायला सुरुवात केली. सीडीच्या बाजूने केला जाणारा आवाजाच्या दर्जाचा युक्तिवाद त्या महिन्यात संपला. आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या सीडी ३ कोटी १६ लाखांवरून ४ कोटी ६६ लाखांवर गेल्या. वाढ ४७ टक्के. उत्पन्नातली २००४ नंतरची पहिलीच. कोविडमुळे आदल्या वर्षी बंद राहिलेली दुकाने हे त्याचे एक कारण, मोठ्या कलाकारांचे त्या वर्षी आलेले अल्बम हे दुसरे. कानाशी संबंधित कारण त्यात शोधून सापडत नाही.

कोरियात तर ऐकण्याचा प्रश्नच जवळजवळ मिटला आहे. ‘सेव्हन्टीन’ या गटाचा ‘एफएमएल’ हा अल्बम २०२३ मध्ये पहिल्या आठवड्यात ४५ लाखांवर खपला. ब्रिटनने त्या अख्ख्या वर्षात घेतलेल्या सर्व सीडींच्या ४२ टक्के इतका हा एकट्या अल्बमचा आठवडा. डबीत गायकाचे छायाचित्र असलेले एक कार्ड असते आणि कोणते निघेल ते आधी कळत नाही. हवे ते कार्ड निघेपर्यंत चाहते प्रती घेत राहतात. अशा बाजारात चकती हे कार्डाचे वेष्टन ठरते, आणि हा आकडा संगीताच्या खात्यात किती धरायचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

जास्त पैसे मोजणारा अमेरिकी संग्राहक आणि कार्डासाठी प्रती घेणारा कोरियन चाहता, नरडाण्यासारख्या गावातला संग्राहक या दोन्ही जातींचा नव्हे. शिंदखेडा तालुक्यातले, मुंबई-आग्रा महामार्गावरचे आणि उधना-जळगाव लोहमार्गावरचे हे गाव. इथे अल्बमचे दुकान नाही म्हणून तो थांबत नाही. धुळे, जळगाव, सुरत, नाहीतर कुरिअर, असे त्याचे मार्ग असतात. त्याचा हिशेब मांडता येतो. डबीतली एक सीडी साधारण १०.४ मिलिमीटर जागा घेते आणि सुमारे १०० ग्रॅम भरते. पाचशे सीडींना ५.२ मीटर फळी लागते आणि ५० किलो वजन पेलणारे कपाट. याच पाचशे सीडींतला सगळा ध्वनी, कुठलीही काटछाट न करता, प्रत्येकी ७४ मिनिटे धरली तर ३९२ जीबी भरतो. हातावर मावणाऱ्या अर्ध्या टीबीच्या डिस्कवर तो बसतो आणि वर जागा उरते.

चकतीवरची खाचांची रेघ मधून बाहेर सर्पिलाकार जाते. दोन वळणांतले अंतर १.६ मायक्रॉन. सेकंदाला १.२ मीटर धरले तर ७४ मिनिटांत तिची लांबी ५.३ किलोमीटर होते. अशा ५८ सीडींच्या रेघा एकापुढे एक मांडल्या तर उधन्यापासून नरडाण्यावरून जळगावपर्यंतचा ३०७ किलोमीटरचा लोहमार्ग भरतो.

मग ३९२ जीबीसाठी ५० किलो का बाळगायचे? पहिले कारण ताब्याचे. मार्च २०२३ मध्ये करार जमला नाही म्हणून झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायच्या भारतातल्या सेवेवरून उतरवली गेली. पुढे ती परतली, पण मधल्या काळात वर्गणी भरणाऱ्याच्या हाती काहीच नव्हते. कपाटातली सीडी कोणाच्या करारावर अवलंबून नसते. दुसरे कारण माहितीचे. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, ध्वनिमुद्रण कुठल्या साली आणि कुठे, हे चार पानी कागदावर छापलेले असते. ॲपवर तेच गाणे बहुधा गायकाचे नाव आणि एक चौकोनी चित्र एवढ्यावर भागते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला साथीदाराचे नाव न सांगणे म्हणजे अर्धी मैफल लपवणे. हे मत आहे, आकडा नाही.

तिसरे कारण जुन्या मुद्रणांचे. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू साधारण सव्वातीन मिनिटे चाले. ७४ मिनिटांच्या सीडीत अशा २२ बाजू, म्हणजे ११ तबकड्या मावतात. बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह जळगावात आहे. त्यांची पदे ज्या तबकड्यांवर निघाली, त्या वाजवायचे यंत्र आज बहुतेक घरांत नाही. ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था १९९० मध्ये मुंबईत उभी राहिली. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांना तिने एकत्र आणले आणि त्यांच्यासाठी नियतकालिकही चालवले. कायदाही इथे वाट मोकळी करतो. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. १९६४ अखेरपर्यंत प्रकाशित झालेली मुद्रणे त्यामुळे १ जानेवारी २०२५ पासून हक्कमुक्त आहेत. बालगंधर्वांच्या उमेदीतल्या तबकड्या त्याच्या कितीतरी आधीच्या.

थोडक्यात, या संग्राहकाला बालगंधर्व मिळतात, जगजित सिंग मिळतात, पैसे मोजले तर कोरियाचा गटही मिळतो. त्याच्या घरात बोलली जाते त्या अहिराणीचा अल्बम मात्र सीडीवर मिळणे दुर्मीळ.

अहिराणी गाणी कॅसेटवरून व्हीसीडीवर गेली आणि तिथून थेट यूट्यूबवर. ऑडिओ सीडी हा टप्पा त्यांनी बहुतांशी वगळला. त्यामागे अर्थकारण होते. व्हीसीडीचे मानक १९९३ चे, चकती तीच १२० मिलिमीटरची, आणि ती टीव्हीला जोडलेल्या स्वस्त प्लेअरवर चालते. २००१ च्या जनगणनेत देशातल्या ३१.६ टक्के घरांत टीव्ही होता, २०११ मध्ये ४७.२ टक्के घरांत. रेडिओ त्याच दहा वर्षांत ३५.१ वरून १९.९ टक्क्यांवर आला. नुसते ऐकायचे साधन घटत होते आणि पाहायचे वाढत होते. लग्नातल्या नाचाचे गाणे विकणाऱ्याने कोणती चकती काढावी, हे या चार आकड्यांनी ठरवले.

किंमत आवाजाने मोजली. व्हीसीडीत चित्राला ११५० केबीपीएस जातात, ध्वनीला २२४ उरतात. ऑडिओ सीडीच्या १४११ पुढे हे १६ टक्के. दाबलेल्या ध्वनीचा दर्जा बिटांच्या प्रमाणात घसरत नाही, म्हणून ऐकू येणारा फरक सहापट नसतो. पण अनेक अहिराणी गाण्यांची बाजारात आलेली सर्वांत चांगली प्रत हीच होती.

जनगणनेचा एक आकडा इथे कोड्यात टाकतो. अहिराणी ज्यात मोजली जाते त्या ‘खान्देशी’चे भाषक १९९१ मध्ये ९,७३,७०९ होते, २००१ मध्ये २०,७५,२५८ आणि २०११ मध्ये १८,६०,२३६. आधी ११३ टक्के वाढ, मग १० टक्के घट. लोकसंख्या अशी वागत नाही. प्रगणकाला मातृभाषा कोणती सांगितली, ते यातून दिसते. २०११ मध्ये एकट्या जळगाव आणि धुळे जिल्ह्यांची लोकसंख्या ६२ लाख ८० हजारांवर होती. ज्या दशकात अहिराणी गाण्यांच्या व्हीसीडी गावोगाव वाजत होत्या, त्याच दशकात ही आपली भाषा म्हणून सांगणारे दोन लाख पंधरा हजारांनी कमी झाले.

‘हाई झुमका वाली पोर’ या अहिराणी गाण्याने यूट्यूबवर १० कोटींचा टप्पा कधीच ओलांडला. १० कोटीच धरले तरी जनगणनेतल्या दर खान्देशी भाषकामागे सुमारे ५४ वेळा ते वाजले. एकच माणूस शंभरदा ऐकतो हे मान्य करूनही, भाषा न येणाऱ्यांनी ते ऐकल्याशिवाय ही बेरीज जमणे कठीण. या १० कोटींपैकी कपाटात ठेवता येईल अशी प्रत मात्र एकही नाही.

राहता राहिल्या घराघरांतल्या जुन्या व्हीसीडी. कमी प्रती काढायच्या तर साचा बनवणे परवडत नाही, कोऱ्या सीडीवर बर्न करणे परवडते. बर्न केलेल्या चकतीत माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते आणि तो थर उन्हाने, उष्णतेने बिघडतो. चकत्यांच्या दीर्घ साठवणीसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक २३ अंश सेल्सिअसच्या आत तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या खोलीत रात्रीही २३ दिसत नाही.

वाचवायचे ठरवले तर काम आवाक्यातले आहे. एका भरलेल्या व्हीसीडीचे ७७ कोटी बाइट, हजार व्हीसीडींचे पाऊण टीबी. आठपट वेगाने वाचणाऱ्या ड्राइव्हला एका चकतीला सव्वानऊ मिनिटे लागतात, हजारांना १५४ तास. रोज आठ तास बसले तर वीस दिवस. नव्या लॅपटॉपमध्ये असा ड्राइव्ह सहसा येत नाही, तो वेगळा घेऊन जोडावा लागतो. उतरवलेले सार्वजनिकरीत्या वाटायचे तर निर्मात्याची परवानगी हवी, आणि बर्न केलेल्या चकतीच्या वेष्टनावर निर्मात्याचे नाव असतेच असे नाही. परवानगी मिळाली नाही तर थांबावे लागेल: २००५ साली निघालेली व्हीसीडी हक्कमुक्त होईल ती १ जानेवारी २०६६ रोजी.