मधपेटी ठेवायचीय? आधी रिकामी पेटी लावा

मधमाश्या कुठं विकत मिळतात, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. विकत न घेताही सुरुवात होते. आपल्या भागात सातेरी असेल तर ती स्वतः येऊन बसू शकते.

सातेरी अंधाऱ्या पोकळीत शेजारी-शेजारी अनेक पोळी बांधते, म्हणून पेटीत राहते. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं लावते. तिला पेटीत घालायच्या फंदात पडू नका, जिवावर बेतेल.

फुलोरा चांगला असला की वसाहत वाढते, मग जुनी राणी बऱ्याच माश्या घेऊन नवं घर शोधते. त्याआधी पेटी तयार पाहिजे. आतून रंग नको, मधमाशीचं मेण चोळा. त्या वासाला माश्या येतात. जागा सावलीची, तोंड पूर्वेकडं. स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, नाहीतर मुंग्याच आधी राहायला येतील.

माश्या बसल्या की आठ-दहा दिवस झाकण उघडू नका. सारखं डोकावलं तर उठून जातात. पहिल्या वर्षी मधाची घाई नको, पावसाळ्यात फुलं कमी पडतात तेव्हा तोच त्यांचा शिधा.

फवारणीचं मात्र नीट ऐका. पीक फुलात असताना कीटकनाशक टाळा. मारावंच लागलं तर सूर्यास्तानंतर, माश्या परतल्यावर. शेजाऱ्यालाही आधी सांगून ठेवा, माशीला आपला बांध कळत नाही. त्याच्या एका पंपात तुमची पेटी रिकामी होऊ शकते.

पेटीसाठी जागा निवडली असेल तर फोटो ग्रुपवर टाका, बघून सांगतो.