पाणी काढण्यासाठी पाणी

क्रूडमधलं खारं पाणी काढायचं, तर आधी त्यात आणखी पाणी घालावं लागतं. मुंबई बंदरात जवाहर द्वीपावर उतरलेलं क्रूड समुद्राखालच्या पाइपांतून माहुलच्या रिफायनरीत येतं. टाकीत ते कितीही निवळलं, तरी भूगर्भातल्या खाऱ्या पाण्याचे बारीक थेंब त्यात अडकलेले असतात. क्रूड तसंच पुढे गेलं, तर भट्टीच्या उष्णतेत मॅग्नेशियम आणि कॅल्शियम क्लोराइडमधून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. भट्टीपुढच्या ऊर्ध्वपातन टॉवरच्या माथ्याशी वाफेचं पाणी झालं की तो त्यात विरघळतो आणि ते आम्ल पाइप खातं.

म्हणून भट्टीआधी मीठ काढणारा डीसॉल्टर. क्रूड १२० ते १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पातळ करतात आणि पाणी उकळू नये म्हणून दाब राखतात. साधारण ५ टक्के धुण्याचं पाणी आणि तेल-पाण्याचं घट्ट मिश्रण (इमल्शन) फोडणारं रसायन सोडतात. मिक्सिंग व्हॉल्व्ह फार उघडा राहिला, तर हे पाणी मिठापर्यंत पोचत नाही; फार आवळला, तर तेल-पाणी इतकं घुसळलं जातं की सुटता सुटत नाही. पुढे आडव्या टाकीत हजारो व्होल्टचं विद्युतक्षेत्र असतं. त्यात थेंब एकमेकांना मिळतात, जड होतात आणि तळाशी बसतात. कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल यांना या तंत्राची पेटंटं १९११ मध्ये मिळाली.

शिफ्टवर माझा भरवसा टाकीच्या बाजूला वेगवेगळ्या उंचीवर असलेल्या नमुन्याच्या नळांवर. हायड्रोजन सल्फाइडचा धोका असतो, म्हणून वारा पाठीशी घेऊन नळ हळूच उघडायचा. खालून पाणी येतं, वरून काळं तेल आणि मधून चॉकलेटी, चिकट मिश्रण. हा मधला थर वाढत विजेच्या जाळीपर्यंत चढला, तर अ‍ॅम्पिअर वाढतात, व्होल्टेज पडतं आणि पाणी तेलाबरोबर भट्टीकडे निघतं. अशा वेळी आधी मिक्सिंग व्हॉल्व्ह जरा मोकळा करायचा, परिणाम पाहायचा, मगच रसायनाला हात लावायचा. दोन्ही एकदम बदलले, तर फरक कशानं पडला ते कळत नाही.

नीट चालवलेल्या डीसॉल्टरच्या एका टप्प्यात सुमारे ९० टक्के मीठ निघतं, दोन टप्प्यांत ९९ टक्क्यांपर्यंत. पण स्क्रीनवरची पातळी मधल्या थराची जाडी नेहमीच सांगत नाही. नव्या ऑपरेटरांना म्हणूनच सांगणं आहे: शिफ्ट हाती घेताना नळ स्वतः उघडून पाहा.