सायकलला पोराची जुनी सीट बसवताय? आधी पाय ठेवायची जागा बघा

सोलापूर : वस्तीवरून अंगणवाडी एक-दीड किलोमीटर लांब, घरात मोटारसायकल एकच आणि ती सकाळीच दूध घालायला गेलेली. मग आई नाहीतर आजोबा सायकल काढतात, लेकराला कॅरिअरवर बसवतात आणि "घट्ट धर" म्हणून निघतात. त्यापेक्षा लहान मुलांची सीट केव्हाही बरी. नवी सीट महाग पडते, म्हणून पुण्यातल्या पाहुण्यांची पोरं मोठी झाली की त्यांची सीट गावाकडे येते, नाहीतर मोबाईलवर जुन्या सामानात सापडते. जुनी सीट वापरायला हरकत नाही. पण घेताना सगळ्यांचं लक्ष बेल्टवर जातं आणि खरा धोका असतो खाली, चाकापाशी.

सायकलवर मागं बसलेल्या लहान मुलांना नेहमी होणारी इजा म्हणजे चाकाच्या तारांत पाय जाणं. चाक फिरतच असतं, त्यामुळं टाच आत ओढली जाते. कातडी सोलवटते, कधी हाडही मोडतं. टाचेची जखम भरायला वेळ लागतो, पोर कित्येक दिवस पाय टेकत नाही. म्हणून सीट हातात आली की आधी पाय ठेवायची जागा बघा. दोन्ही बाजूंना पायऱ्या पाहिजेत, पाय आत सरकू नये म्हणून आतून भिंतीसारखी आड पाहिजे आणि पाऊल बांधायला पट्टी पाहिजे. जुन्या सीटची एखादी पायरी किंवा पट्टी हमखास हरवलेली असते. तोच भाग मिळत नसेल तर सीट फुकट मिळाली तरी घेऊ नये. मोटारसायकलला मागच्या चाकावर निम्मं तरी झाकण असावं असा नियमच आहे, त्यालाच आपण साडी गार्ड म्हणतो. सायकलला तसं बंधन नाही. तरी मिस्त्रीकडून दोन्ही बाजूंना जाळी किंवा पातळ पत्रा लावून घेतला तर फार बरं.

दुसरी गोष्ट ऊन. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि सायकल दिवसभर अंगणात उभी असते. उन्हात राहिलेलं प्लॅस्टिक वरून धड दिसतं, पण आतून ठिसूळ होतं. ओल्या फडक्यानं पुसल्यावर पांढरट भुकटी निघाली, रंग विटलेला असला किंवा बोल्टच्या भोकांभोवती केसासारख्या चिरा दिसल्या, तर ती सीट बाद समजा. चिकटवून किंवा तारेनं शिवून भागत नाही. बऱ्याच सीटच्या खालच्या अंगाला घड्याळासारखा गोल शिक्का असतो. त्यातला बाण महिना दाखवतो आणि मधला आकडा वर्ष, त्यावरून सीटचं वय कळतं. सायकल पडली होती का, हेही विकणाऱ्याला विचारून घ्या. बेल्ट दोन्ही खांद्यांवरून येणारा हवा. नुसता कमरेचा असेल तर डुलकी लागलेलं पोर पुढं कलंडतं.

आता बसवायचं. काही सीट सायकलच्या गादीखालच्या उभ्या नळीला क्लॅम्पनं बसतात. हे क्लॅम्प सहसा 28 ते 40 मिलिमीटर जाडीच्या गोल नळीसाठी असतात. जाडी मोजायला साधन नसेल तर शिलाईच्या टेपनं घेर मोजा, तो साधारण 9 ते साडेबारा सेंटीमीटर भरला पाहिजे. नळी बारीक आहे म्हणून मध्ये ट्यूबचे तुकडे कोंबून क्लॅम्प आवळू नये. ते तुकडे दबतात आणि सीट फिरते.

दुसऱ्या सीट कॅरिअरवर बसतात. इथं बरेच जण म्हणतात, ह्याच कॅरिअरवरून दुधाचे कॅन गेलेत, लेकराचं काय वजन! पण कॅन गप्प बसतो, लेकरू उड्या मारतं. त्या हिसक्यानं गंजलेला पाय किंवा जुनं वेल्डिंग तुटतं. कॅरिअरचे पाय आसापाशी आणि वर गादीपाशी नीट आवळलेत का ते पाना लावून बघा. आटे गेलेले नट बदला, नायलॉक नट लावा, खाली वायसर घाला. सुतळी, तार, ट्यूबचा पट्टा यांवर सीट बांधू नका. सीटवर वजनाच्या मध्याची खूण असेल तर ती मागच्या आसाच्या 10 सेंटीमीटरपेक्षा जास्त मागं जाऊ देऊ नका, नाहीतर चढाला पुढचं चाक उचलतं.

पोर बसवायच्या आधी 15 किलो ज्वारीचं पोतं सीटमध्ये बांधून खडीच्या रस्त्यानं एक फेरी मारा. ब्रेक करकचून दाबून बघा. परत आल्यावर प्रत्येक नटाला पाना लावा.

समोरच्या दांडीवर लावतात ती नुसती छोटी गादी म्हणजे सीट नव्हे. तिला बेल्ट नाही, पाय ठेवायला जागा नाही, आणि पुढच्या चाकात पाय गेला तर सायकल दोघांसकट उलटते.

आणखी एक, जे कुणाच्या ध्यानात येत नाही : आपल्या काळ्या सायकलींच्या गादीखाली स्प्रिंगा असतात. मोठं माणूस बसलं की त्या दबतात आणि मागच्या पोराची बोटं नेमकी तिथंच असतात. जाड कापड किंवा रेक्झिन गुंडाळून त्या झाकून टाका.

युरोपातल्या मानकात मागची सीट 9 ते 22 किलोच्या आणि पुढची 9 ते 15 किलोच्या मुलांसाठी धरलेली आहे. वजनासाठी लांब जायला नको, अंगणवाडी सेविकेकडं त्याची नोंद असते. बाळाची मान पक्की धरलेली आणि आधाराशिवाय नीट बसता येणारी हवी. वर्षाच्या आतलं लेकरू सायकलवर नकोच. मोटारसायकलवर चार वर्षांखालच्या मुलाला बेल्ट आणि हेल्मेट लावायचा नियम फेब्रुवारी 2023 पासून आहे. तो सायकलला लागू नाही, पण पडल्यावर डोकं तेच असतं. हेल्मेट सायकलचं, हलकं आणि लेकराच्या मापाचं घ्या.

सायकल स्टँडवर लावून, पोर सीटमध्ये ठेवून दुकानात जाणं तर अजिबात नको. उभी सायकल कलंडायला पोरानं एकदा वाकणं पुरेसं असतं. आधी पोर उतरवा, मग स्टँड लावा. बसवताना दुसऱ्या कुणाला तरी सायकल धरायला सांगा.

एवढं करूनही पाय तारांत अडकलाच, तर चाक जागच्या जागी धरा. पाय ओढू नका, चाक उलटं फिरवू नका, तारा कापून पाय मोकळा करा. जखमेवर स्वच्छ पाणी ओता. हळद, चुना, पेस्ट काही लावू नका. स्वच्छ कापड गुंडाळून सरळ दवाखान्यात न्या. वरून खरचटल्यासारखं दिसलं तरी डॉक्टरांना एक्स-रेचं आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. गाडी नसेल तर 108 ला फोन लावा.

नवीन बसवलेले नट पहिल्या आठवड्यात थोडे सैल होतातच. तेवढे आठ दिवस रोज, आणि पुढं दर आठवड्याला, हवा भरताना पाना फिरवून घ्यावा.